साठी, बुद्धी आणि निवृत्ती

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की कामगारांची रस्त्यावर एकच गर्दी होते. त्या गर्दीतून अधूनमधून काही चेहरे कायमचे वजा होतात. निरोपाच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि गौरवाचे चार शब्द मिळतात; दुसऱ्या दिवसापासून ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण घरीदारी कानी पडू लागते. राज्य सरकारच्या सेवेतील बहुतेक कारकुनांवर ही वेळ ५८व्या वर्षीच येते. पण नोकरी संपली म्हणजे माणसाची वाढही संपली, हा समज कितपत खरा?

मानसशास्त्राला तो मान्य नाही. एरिक एरिक्सन यांनी १९५० साली मानवी आयुष्याचे आठ टप्पे मांडले. प्रत्येक टप्प्यावर मनापुढे नवा पेच उभा राहतो. पुढच्या पिढीसाठी काही घडवावे की स्वतःतच साचून राहावे, हा प्रौढपणाचा पेच. जगलेले आयुष्य समाधानाने स्वीकारावे की हताश व्हावे, हा वार्धक्याचा. अमेरिकेत सिअॅटल येथे १९५६ पासून चाललेल्या दीर्घ पाहणीतही असे आढळले की, वयाबरोबर कामाचा वेग उतरतो. शब्दांची जाण मात्र साठीनंतरही बहुतांशी टिकते.

नागपूरकरांना यासाठी परदेशी दाखल्याची गरज नाही. ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही घोषणा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यास केली, तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा ६५ वर्षांचे. प्रकृती खालावली असतानाही, एकवीस वर्षांच्या चिंतनानंतर घेतलेला हा निर्णय नाठलेल्या बुद्धीचा खचितच नव्हे!

सर्वच काही महापुरुष नसतात, हे खरे. परंतु यंत्राच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा कामगार, मुलाच्या चेहऱ्यावरून त्याची अडचण जाणणारा शिक्षक, अर्जातील खाचाखोचा ठाऊक असलेला कारकून, यांचे ज्ञान शालीत गुंडाळून ठेवण्याजोगे आहे काय? गावोगावच्या शाळांना, वाचनालयांना, अभ्यासिकांना ते हवे आहे.

मात्र यास एक अट आहे. निवृत्तिवेतनाची शाश्वती नसलेल्या कंत्राटी कामगाराला मनाच्या विकासाचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय. आधी त्याच्या म्हातारपणच्या भाकरीची सोय व्हावी, मग त्याच्या अनुभवाला काम मिळावे. बुद्धी साठीमुळे क्वचितच नासते. उपेक्षेने मात्र ती हमखास गंजते.