एक रुपया आणि पंधरा दिवस: निवडणूक खर्चाचा हिशेब तपासतं कोण?

आजचा विषय हिशेबाचा आहे, तेव्हा आकडे येतील, कलमंही येतील. सुरुवात मात्र आपल्या अमरावतीपासून करू.

फेब्रुवारी २०१२. महापालिकेचं मतदान तोंडावर आलेलं, आणि शहरात पोलिसांनी एका गाडीतून एक कोटी रुपये रोख पकडले. बातमी देशभर गेली, कारण त्यात काँग्रेसचे तेव्हाचे आमदार रावसाहेब शेखावत यांचं नाव आलं, आणि ते त्या वेळच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांचे चिरंजीव. त्यांचं म्हणणं असं होतं की हा पैसा पक्षाचा आहे, निवडणुकीसाठी प्रदेश काँग्रेसकडून आलेला आहे. त्यात कोण खरं, कोण खोटं, हा आज आपला विषय नाही. आपल्याला ते उत्तर महत्त्वाचं आहे. ‘पैसा पक्षाचा आहे.’ निवडणूक खर्चाच्या कायद्यातलं सगळ्यात मोठं दार या तीन शब्दांनी उघडतं, म्हणून आधी ते दार नीट बघू.

लोकसभा आणि विधानसभेसाठी १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा आहे. त्याचं कलम ७७ सांगतं की प्रत्येक उमेदवाराने खर्चाचा स्वतंत्र आणि खरा हिशेब ठेवायचा आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर जायचं नाही. जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रात ही मर्यादा लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख आहे. मर्यादा ओलांडली तर तो कलम १२३(६) खाली भ्रष्ट आचार ठरतो आणि निवडणूकच रद्द होऊ शकते. ऐकायला कडक वाटतं. पण ही मर्यादा फक्त उमेदवाराला आहे. पक्षाला मर्यादाच नाही. पक्षाने विधानसभेनंतर ७५ दिवसांत आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत आयोगाला खर्चाचं विवरण द्यायचं, बस्स.

हे असं कसं झालं, त्याला एक इतिहास आहे. १९७४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात निकाल दिला. प्रकरण दिल्लीतल्या एका लोकसभा मतदारसंघाचं. न्यायालय म्हणालं, पक्षाने एखाद्या उमेदवारासाठी खर्च केला, त्याने तो मुकाट्याने होऊ दिला, त्याचा फायदा घेतला, तर तो खर्च त्याच्याच खात्यात धरायचा. सरळ गोष्ट होती. पण त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढला, वर्ष संपायच्या आत त्याचा कायदा झाला, आणि पक्षाचा किंवा मित्रमंडळींचा खर्च उमेदवाराच्या हिशेबातून बाहेर गेला. जवळजवळ तीस वर्षं हे असंच चाललं. २००३ च्या दुरुस्तीने ती पळवाट बरीच आवळली. आता प्रामुख्याने पक्षाच्या नेत्यांचा, म्हणजे ज्यांना आपण स्टार प्रचारक म्हणतो त्यांचा प्रवासखर्च वगळला जातो, आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार बाहेर राहतो.

म्हणजे कसं बघा. मोठे नेते हेलिकॉप्टरने अकोल्यात उतरले, तर त्या प्रवासाचं बिल उमेदवाराच्या नावे लागत नाही. पण सभेत उमेदवार त्यांच्यासोबत मंचावर बसला, मंडपात त्याचे फोटो लागले, तर मंडप, खुर्च्या, लाऊडस्पीकर यांचा वाटा त्याच्या हिशेबात येतो. म्हणून एखाद्या सभेत उमेदवार मंचाखाली पहिल्या रांगेत बसलेला दिसला तर ती नम्रताच असेल असं समजू नका.

आणखी एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. हिशेब सुरू होतो तो उमेदवारी अर्ज भरल्याच्या दिवसापासून आणि संपतो निकालाच्या दिवशी. अर्जाच्या आदल्या दिवसापर्यंत जे काही झालं, दहीहंडी, साडीवाटप, क्रिकेटचे सामने, चौकाचौकातले वाढदिवसाचे फलक, ते या हिशेबात नाही. वर्षभर पेरणी करायची आणि फक्त कापणीची मजुरी लिहायची, असा हा प्रकार.

आता कायद्याची माणसं जमिनीवर काय करतात ते पाहू, कारण त्यांचं काम कमी नाही. उमेदवाराला निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडावं लागतं. रोजच्या नोंदवहीत तीन रंगांची पानं असतात: पांढऱ्यावर रोजचा खर्च, गुलाबीवर रोकड, पिवळ्यावर बँक. प्रचाराच्या काळात ही वही किमान तीनदा तपासली जाते. दुसऱ्या बाजूला प्रशासन स्वतःची एक वही लिहीत असतं, तिला छाया निरीक्षण नोंदवही म्हणतात. व्हिडीओ पथक सभेचं चित्रण करतं, खुर्च्या, गाड्या, फलक मोजले जातात आणि जिल्ह्याच्या दरसूचीप्रमाणे त्यांची किंमत लावली जाते. दरसूचीत चहा, पोहे, आलुबोंडा इथपासून ढोलपथकापर्यंत सगळ्याचे दर असतात. उमेदवाराने लिहिलं पन्नास खुर्च्या आणि चित्रणात दिसल्या पाचशे, तर नोटीस निघते. ही पद्धत चांगली आहे, आम्हाला तिच्याबद्दल आदर आहे. ती जे उघड्यावर होतं ते पकडते. रात्री वस्तीत जे वाटलं जातं त्याला ना दरसूची, ना खुर्ची.

त्यासाठी मग भरारी पथकं आणि नाक्यावरची स्थिर पथकं असतात. पन्नास हजारांपेक्षा जास्त रोकड कागदांशिवाय सापडली तर जप्त होऊ शकते, दहा लाखांच्या वर असेल तर आयकर खात्याला कळवलं जातं. इथे आपल्या वऱ्हाडाची एक अडचण आहे. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं. हे दिवस कोणते? सोयाबीन निघालेलं, कापसाची वेचणी सुरू. मूर्तिजापूर, अकोट, दर्यापूरच्या रस्त्यावर त्या दिवसांत खिशात रोकड असलेला माणूस बहुतेक वेळा शेतकरी नाहीतर अडत्या असतो. म्हणून आम्ही सांगतो, भाऊ, माल विकल्याची हिशेबपट्टी पैशासोबतच ठेवा. आणि तरीही पैसे अडकलेच, तर जिल्ह्यात तक्रार निवारण समिती असते. तिच्यात जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी असतात आणि जिल्हा कोषागार अधिकारीही असतात. निवडणुकीशी संबंध नसेल तर रक्कम सोडून देण्याचा आदेश ही समिती देऊ शकते. कोर्टात जायची गरज नाही.

निकाल लागला की खरा प्रश्न सुरू होतो. तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराने, जिंकलेल्याने आणि हरलेल्यानेही, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्यायचा. दिला नाही तर कलम १०-अ खाली आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. आयोगाच्या या याद्या तुम्ही कधी वाचल्या तर बहुतेक नावं हरलेल्या अपक्षांची आणि लहान पक्षांच्या उमेदवारांची दिसतील. अनामत जप्त झाली, माणूस आपल्या कामाला लागला, कागद द्यायचा राहून गेला.

गावात हेच अधिक बोचतं. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४-ब म्हणतं की सबळ कारण नसताना वेळेत हिशेब दिला नाही, तर पाच वर्षांसाठी अपात्र. खर्चाची मर्यादा किती? राज्य निवडणूक आयोगाने २०१७ साली सात ते नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्यपदासाठी ठरवलेली मर्यादा २५ हजार रुपये. खर्च शून्य असला तरी शून्याचा हिशेब द्यावा लागतो. पहिल्यांदा निवडून आलेली, शेतात मजुरीला जाणारी बाई हा कागद विसरते आणि तिचं सदस्यपद जातं. नांदेड जिल्ह्यातल्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला २०२० साली सांगावं लागलं की शिक्षा चुकीच्या प्रमाणात हवी, सरसकट पाच वर्षं नकोत.

आता ज्याने कागद दिला, पण खोटा दिला, त्याचं काय? याचं उत्तर शोधायलाही नांदेडलाच जावं लागतं. २००९ ची विधानसभा, भोकर मतदारसंघ, उमेदवार तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण. निवडणुकीच्या दिवसांत मोठ्या मराठी दैनिकांत ‘अशोक पर्व’ नावाने पानंच्या पानं आली होती. पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं की वेगवेगळ्या, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत तोच मजकूर शब्दशः छापून आलाय. चव्हाणांच्या हिशेबात जाहिरातींचा खर्च होता ११,३७९ रुपये. प्रतिस्पर्धी उमेदवार माधवराव किन्हाळकर यांनी तक्रार केली. चव्हाणांच्या बाजूने मुद्दा असा की हिशेब वेळेत दिलाय, नमुन्यात दिलाय, तो खरा की खोटा हे तपासायचा आयोगाला अधिकारच नाही. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ५ मे २०१४ ला न्यायालयाने सांगितलं की आयोगाला तो अधिकार आहे, नुसता कागद बघून थांबायचं नाही. जुलैत आयोगाने चव्हाणांच्या विरोधात आदेश काढला, आणि सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

निकाल पटो न पटो, तारखा बघा. निवडणूक ऑक्टोबर २००९ ची, शेवटचा आदेश सप्टेंबर २०१४ चा. म्हणजे त्या विधानसभेची मुदत संपत आली होती. वरातीमागून घोडे याला म्हणतात. आणि गोपीनाथ मुंडे यांनी २०१३ साली मुंबईत एका कार्यक्रमात जाहीरपणे म्हटलं की २००९ च्या लोकसभेला आपला खर्च आठ कोटी झाला. मर्यादा तेव्हा २५ लाख होती. आयोगाची नोटीस गेली, खासदारकी शाबूत राहिली. हिशेबच ठेवला नाही तर फौजदारी शिक्षा किती, असं विचाराल तर जुन्या दंडविधानात जास्तीत जास्त ५०० रुपये दंड होता, नव्या न्यायसंहितेत ५ हजार आहे. मजूर बाईचं पद एका कागदापायी जातं आणि इकडे पाच वर्षं सुनावण्या चालतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं कोणी म्हटलं तर आम्ही त्याला अडवणार नाही.

मग मतदाराच्या हातात काय आहे? एक लहान, जवळजवळ विसरलेली गोष्ट आहे. १९६१ चे निवडणूक नियम घ्या. नियम ८७ प्रमाणे हिशेब दाखल झाल्यापासून दोन दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याने सूचना फलकावर तशी नोटीस लावायची. नियम ८८ प्रमाणे कोणालाही, फक्त उमेदवाराला नव्हे, एक रुपया भरून तो हिशेब बघता येतो, आणि ठरलेलं शुल्क देऊन प्रती घेता येतात. मर्यादा ओलांडल्याचं दिसलं, तर त्या मतदारसंघातला कोणताही मतदार उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करू शकतो. आपल्यासाठी ते नागपूर खंडपीठ. दोन हजार रुपये अनामत भरावी लागते.

पण मुदत बघा. हिशेब द्यायला तीस दिवस, याचिकेला पंचेचाळीस, आणि दोन्ही निकालाच्या दिवसापासूनच मोजायचे. विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ ला लागला. उमेदवार २३ डिसेंबरपर्यंत हिशेब देऊ शकत होता आणि याचिकेची मुदत ७ जानेवारी २०२५ ला संपली. मधले दिवस पंधरा, त्यातले दोन नोटीस लागण्यात जाणार. उरलेल्या दिवसांत हिशेब वाचायचा, पुरावे जुळवायचे, वकील गाठायचा, प्रतिज्ञापत्र करायचं. भ्रष्ट आचाराचा आरोप मोघम चालत नाही, तारीख, जागा, रक्कम सगळं लिहावं लागतं. शिवाय हिशेब नुसता खोटा आहे एवढ्याने तो भ्रष्ट आचार ठरत नाही, खर्च मर्यादेच्या वर गेला हे सिद्ध करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने आधीच सांगून ठेवलंय.

म्हणून तयारी निकालानंतर नाही, प्रचार सुरू असतानाच करावी लागते. प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव छापणं कलम १२७-अ प्रमाणे सक्तीचं आहे, आणि छापखान्याला त्याची प्रत जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे पाठवावी लागते, किती प्रती छापल्या हेही कळवावं लागतं. तो आकडा एका कागदावर, उमेदवाराची गुलाबी आणि पिवळी पानं दुसऱ्या कागदावर. सभेला परवानगी मागताना किती लोक, किती गाड्या लिहिल्या, हा तिसरा कागद. प्रशासनाची छाया नोंदवही चौथा. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात हे चार कागद समोरासमोर ठेवायला दोन-तीन चिकाटीची माणसं आणि एक कॅल्क्युलेटर पुरतो. सुरुवात कराल तर छपाईपासून करा, कारण खुर्च्यांच्या आकड्यावर वाद घालता येतो, छापखान्याच्या प्रतिज्ञापत्रावर तितका सहज येत नाही.