शेताच्या बांधावर स्वयंचलित कॅमेरा : मांडणी व उपयोग

रात्री शेतात कोणते जनावर येऊन गेले हे सकाळी ओळखणे नेहमीच सोपे नसते. उकरलेली जमीन पाहून रानडुकराचा संशय येतो, शेळी नाहीशी झाली की बिबट्याचे नाव पुढे येते. परंतु भटकी कुत्री, तरस, साळिंदर व कोल्हा हेदेखील त्याच वाटेने ये-जा करीत असतात. निदान चुकले की उपाय चुकतो. मग खर्च करून घातलेले कुंपण निरुपयोगी ठरते, किंवा कोणी तारेत वीज सोडतो आणि तीत मनुष्याचाच बळी जातो. म्हणून प्रथम पुरावा मिळविणे व नंतर उपाय योजणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

ह्या कामी स्वयंचलित कॅमेरा उपयोगी पडतो. भारतात वाघांची छायाचित्रे घेण्यासाठी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन ह्या वनाधिकाऱ्याने १९२० नंतरच्या दशकात वाटेवर तार ताणून कॅमेरा चालविला होता. आजच्या कॅमेऱ्यास तारेची गरज नाही. त्यातील संवेदक प्राण्याच्या अंगची उष्णता व भोवतालची उष्णता ह्यांतील फरक आणि हालचाल टिपतो व त्याच क्षणी छायाचित्र घेतले जाते. रात्री डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा उपयोग होतो. अकोले तालुक्यातील उसाच्या व वस्तीच्या प्रदेशात बिबटे व तरस नियमित वावरतात, हे अशाच कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसून आले.

जागेची निवड

प्रथम दिवसा शेताभोवती फिरून पाऊलखुणा, विष्ठा व कुंपणातील वाटा पाहाव्यात. मांजर कुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात. त्यामुळे बिबट्याच्या ठशात नखांच्या खुणा सहसा नसतात. कुत्रा व तरस ह्यांच्या ठशात त्या दिसतात. बांध, ओढ्याचे पात्र व उसाच्या दोन फडांमधील वाट ह्या जागा उत्तम. आमिष मात्र कधीही ठेवू नये. त्यामुळे जनावर वस्तीजवळ येण्यास सोकावते.

मांडणी

१. घरीच नवीन सेल भरावेत. जुने व नवे सेल एकत्र वापरू नयेत. कार्ड रिकामे करून घालावे. दिनांक व वेळ अचूक लावावी, अन्यथा छायाचित्राचे पुराव्याचे मोल उरत नाही.

२. न हलणारे झाड किंवा पक्का खांब निवडावा. खांब वाऱ्याने डोलू लागला तर रिकामी छायाचित्रे निघून सेल व्यर्थ संपतात.

३. कॅमेरा पट्ट्याने घट्ट आवळून जमिनीपासून सुमारे ४५ सेंटीमीटर, म्हणजे गुडघ्याइतक्या उंचीवर बांधावा. वाटेपासून तो ३ ते ४ मीटर दूर असावा.

४. कॅमेऱ्याचे तोंड उत्तरेस किंवा दक्षिणेस करावे. पूर्व-पश्चिम तोंड असल्यास सकाळ-संध्याकाळचे ऊन भिंगावर येते.

५. जनावर समोरून आडवे जाईल अशी योजना करावी. सरळ कॅमेऱ्याकडे चालत येणारे जनावर संवेदकास उशिरा कळते.

६. समोरील गवत व फांद्या काढाव्यात. उन्हाने तापलेले गवत हलले तरी संवेदक फसतो.

७. कॅमेरा चालू करून वाटेवरून ओणव्याने चालून पाहावे व छायाचित्र आले की नाही ह्याची खात्री करावी.

हे काम दोघांनी मिळून, दिवसा उजेडी उरकावे. बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना प्रत्येकाची निराळी असते व दोन्ही बाजूंसही ती सारखी नसते. यास्तव एकाच बिबट्याची ओळख पटवावयाची असल्यास वाटेच्या दोन्ही अंगांस कॅमेरे लावावे लागतात.

घ्यावयाची दक्षता

वनक्षेत्रात परवानगीवाचून कॅमेरा लावू नये. खाजगी शेतातही वनरक्षकास व शेजाऱ्यांस आधी कळवावे. घराचे अंगण, पाणवठा अथवा स्त्रियांची ये-जा असलेली वाट कॅमेऱ्याच्या टप्प्यात येऊ देऊ नये. माणसांची छायाचित्रे आल्यास ती पुसून टाकावीत, कोणास दाखवू नयेत. गावाचा विश्वास गेला तर कॅमेरा टिकणार नाही.

किमान पंधरा रात्री कॅमेरा ठेवावा. छायाचित्र आले नाही म्हणजे जनावर आले नाही, असा निष्कर्ष काढू नये. उन्हाळ्यात जमीन व जनावर ह्यांच्या उष्णतेतील फरक कमी झाल्यास संवेदकास चूक होते.

पुढील कार्य

रानडुक्कर आढळल्यास राखण व कुंपण ह्यांचा विचार करावा. बिबट्या आढळल्यास गुरांचा गोठा रात्री सर्व बाजूंनी बंद करावा, मुलांना अंधारात एकटे सोडू नये व वनविभागास १९२६ ह्या क्रमांकावर कळवावे. बिबट्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये पूर्ण संरक्षण आहे. जनावर मारले गेल्यास मृत शरीर न हलविता पंचनामा करून घ्यावा. छायाचित्र हे पंचनाम्यास पूरक आहे. ते त्याची जागा घेऊ शकत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक कॅमेरा पाळीपाळीने नुकसानग्रस्त शेतांवर फिरवून त्याची नोंदवही ठेवल्यास, कोणते जनावर कोणत्या हंगामात कोठून येते ह्याचे चित्र गावास मिळेल. मग भीतीपोटी पसरणाऱ्या अफवांस आळा बसेल आणि शेतकऱ्याचा पैसा योग्य उपायावरच खर्च होईल.