घर जळलं, शाळा मुलीची सुटली

ताजिकिस्तानात 1992 ते 1997 या काळात यादवी युद्ध पेटलं होतं. त्याआधी, सोव्हिएत काळात, तिथे शालेय शिक्षण सक्तीचं होतं आणि मुलीही मुलांच्या बरोबरीने शाळेत जात.

अर्थतज्ज्ञ ओल्गा शेम्याकिना यांनी युद्धानंतरच्या घरोघरच्या पाहण्या तपासल्या. त्यांत युद्धात घराचं नुकसान झालं का, याचीही नोंद होती. ज्यांची घरं पडली-जळली, तिथल्या मुलींचं शाळेत जाण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं. मुलग्यांवर मात्र फारसा परिणाम नव्हता. एकाच छपराखालची ही भावंडं! रस्ता धोक्याचा, हाती पैसा नाही. अशा वेळी दप्तर कुणाच्या पाठीवर ठेवायचं, हे घरातच ठरतं. मला तेच सर्वांत जास्त बोचतं.

जळलेलं घर पुन्हा उभं राहतं. चौदाव्या वर्षी सुटलेली इयत्ता सहसा परत मिळत नाही, कारण तोवर लग्न ठरलेलं असतं. शिवाय हे नुकसान पुढच्या पिढीपर्यंतही पोहोचू शकतं: आईचं शिक्षण आणि मुलांचं आरोग्य यांचा संबंध अनेक देशांत दिसून आला आहे.

शांतता करार जून 1997 मध्ये मॉस्कोत झाला. तेव्हाच्या त्या शाळकरी मुली आज चाळिशीच्या आसपास आहेत.