दिवाणजीचा अधिकार

1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आज सांगली जिल्ह्यात असलेल्या माळावर नांगरांचा कारखाना आणि कामगारांची वसाहत उभारली. शिक्षा भोगून आलेल्यांवर त्यांनी रात्रीची राखण सोपवली! हर्झबर्ग यांचा सिद्धान्त 1959 सालचा: अपुऱ्या वेतनाने असंतोष वाढतो, उत्साह मात्र जबाबदारीने आणि कौतुकाने येतो.

आपल्या पेढ्यांवर बोनस चोख मिळतो. पण जुन्या दिवाणजीला चार रुपये सूट देण्याचीही मुभा नसते. बँकेत कर्जाच्या अर्जावर यंत्रांची किंमत दिसे, अशा माणसांची कधीच नाही. सांगलीच्या हळद बाजारात भाव सर्वांनाच ठाऊक असतो; ग्राहक ओळखीवर येतो आणि ती ओळख दिवाणजीपाशी असते. तो शेजारच्या पेढीवर गेला, की ग्राहकही जातो. सातारा-सांगलीच्या व्यापाऱ्यांनी येत्या पाडव्याला नव्या वहीबरोबर एखादा सौदा ठरवण्याचा अधिकारही त्याच्या हाती द्यावा.