रानटर्की : सोलणे व शिजवणे

आपल्याकडील पाळीव टर्कीचे मूळ उत्तर अमेरिकेच्या रानटर्कीत आहे. तेथे वसंत ऋतूत परवाना घेऊन नरांची शिकार करतात. (आपल्याकडे वन्यपक्ष्यांची शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे; पुढील कृती पाळीव टर्कीलाही लागू पडते.)

ऊबदार हवेत मांस बिघडते ते चुलीवर नव्हे, रानातच. दाट पिसांमुळे पक्ष्याची उष्णता आत कोंडते. म्हणून आतडी लगेच काढावीत. गुदद्वाराभोवती उथळ काप द्यावा; आतडे फुटल्यास मांसाला घाण लागते. मानेच्या बुडाशी असलेली दाण्याची पिशवी हमखास विसरली जाते, तीही काढावी. पक्षी बर्फात थंड करावा. छर्रे चाचपून काढावेत, नाहीतर दात गमवावा लागेल.

पिसे उपटण्यासाठी पाणी ६० ते ६५ अंश सेल्सिअस गरम असावे; उकळत्या पाण्याने कातडी फाटते.

अख्खा पक्षी भाजण्याचा मोह टाळावा. पळून वाढलेल्या रानटर्कीच्या तंगड्या चिवट असतात. त्या शिजेपर्यंत छातीचे मांस कोरडे पडते. तंगड्या रस्स्यात, झाकण ठेवून, मंद आचेवर दोन-तीन तास शिजवाव्यात. छातीचे तुकडे तेलावर थोडक्यात परतावेत, मात्र आतील तापमान ७४ अंश सेल्सिअस झाल्याशिवाय उतरवू नयेत.