धाकधूक दिल्लीत कशी सांगायची?

शाहजहान रोडवरच्या धोलपूर हाउसमध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखती होतात. नागरी सेवा परीक्षेच्या एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण या मुलाखतीला असतात आणि ती मराठीतूनही देता येते. मंडळातल्या सदस्यांना मराठी येत नसेल, तर मध्ये दुभाषी असतो. समजा, अध्यक्षांनी खेळीमेळीत विचारलं, ‘कसं वाटतंय?’ आणि जुन्या राजेंद्रनगरात दोन वर्षं खोली घेऊन अभ्यास केलेली लातूरची मुलगी म्हणाली, ‘थोडी धाकधूक आहे.’ दुभाष्याने ‘नर्व्हस’ म्हटलं तर मुलगी कच्ची वाटेल, ‘एक्सायटेड’ म्हटलं तर उतावळी. ती यातलं काहीच म्हणाली नव्हती.

धाकधुकीला एक अट आहे. निकाल दोन्हीकडे झुकू शकत असेल तरच ती होते. वाईटच होणार हे ठाऊक असेल तर आपण धास्ती घेतो. चांगलंच होणार असेल तर उत्सुकता लागते. दहावीच्या निकालाच्या सकाळी घराघरात असते ती धाकधूक, कारण पेढ्यांची ऑर्डर देऊन ठेवलेली असते आणि देव पाण्यातही ठेवलेले असतात. असा शब्द दुसऱ्या भाषेत नेताना ज्या गैरसमजुती आड येतात, त्यांतल्या काही इथे घेतल्या आहेत.

गैरसमज: लिपी एक, शब्द संस्कृतचे, मग हिंदीत सांगायला अडचण कसली?

वस्तुस्थिती: अडचण नेमकी तिथेच आहे. वेगळं दिसणाऱ्या शब्दापाशी माणूस थबकतो, ओळखीच्या शब्दावरून मात्र बिनधास्त पुढे जातो.

‘घबराहट’ आणि ‘घबराट’ घ्या. दिल्लीत एखादी बाई ‘मुझे घबराहट हो रही है’ म्हणते तेव्हा ती एकट्या स्वतःबद्दल बोलत असते. मेच्या उन्हात मेट्रोतून उतरल्यावर जीव कासावीस झाला तरी घबराहट, मुलाखतीआधी छाती धडधडली तरी घबराहट, आणि काहीच कारण नसताना मन थाऱ्यावर नसलं तरी घबराहटच. मराठीत घबराट सहसा एकट्याला होत नाही. ती पसरते, ती उडते. गावात बिबट्या शिरल्यावर किंवा बँक बुडाल्याची आवई उठल्यावर. हिंदीतल्या त्या बाईचं वाक्य मराठीत आणायचं तर प्रसंग पाहून ‘जीव घाबरा झालाय’, ‘धडधडतंय’ किंवा ‘अस्वस्थ वाटतंय’ यांतून निवडावं लागतं.

‘अस्वस्थ’ही सरळ नाही. मराठीत अस्वस्थ माणूस येरझाऱ्या घालतो. हिंदी अर्जात ‘अस्वस्थ होने के कारण’ असं लिहिलं की साहेब आजारपणाची रजा मंजूर करतो. दिल्लीत नव्याने आलेला मराठी माणूस ‘मैं कल से अस्वस्थ हूँ’ असं सांगतो आणि समोरचा ताप किती आहे ते विचारतो.

मग ‘उत्तेजना’. मराठी शाळेत वक्तृत्व स्पर्धेत चौथ्या आलेल्या मुलाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळतं आणि ते अभिमानाने भिंतीवर लागतं. हिंदीत त्याला सांत्वना पुरस्कार म्हणतात, आणि ‘उत्तेजना’ म्हणजे भडका, खळबळ, कधी कामवासना. ‘उत्तेजित’ मात्र दोन्ही भाषांत सारखाच अडचणीचा. नोएडा-गुरुग्रामच्या कचेऱ्यांत इंग्रजी पत्रांतून प्रत्येकजण प्रत्येक घोषणेबद्दल ‘एक्सायटेड’ असतो. कोशातला पहिला शब्द उचलून त्याचं ‘उत्तेजित’ केलं, तर हिंदी वाचक दचकतो आणि मराठी वाचक हसतो.

सगळ्यात जपून वापरावी ती हौस. आपली हौस निरागस: नव्या घराची हौस, मंगळागौरीची हौस, हौशी रंगभूमी. तिचं मूळ अरबी ‘हवस’ आणि हिंदी-उर्दूत तोच शब्द हाव आणि वासना या अर्थी टिकला. ‘मला नाटकाची फार हौस’ याचं हिंदी ‘शौक़’ने करावं. मूळ एक असणं ही अर्थाची हमी नव्हे.

गैरसमज: इंग्रजी शब्द वापरला की भानगड मिटते.

वस्तुस्थिती: ‘आज नर्व्हस का दिसतोस?’ असं मराठीत आपण कुणाला विचारतो? बहुधा ज्याचा चेहरा उतरला आहे त्याला. निकाल लागून गेला, मुलगा नापास झाला, ‘तेव्हापासून नर्व्हस आहे’. इंग्रजीतला नर्व्हस माणूस पुढे होणाऱ्या गोष्टीला भीत असतो. आपला नर्व्हस माणूस पुष्कळदा झालेल्या गोष्टीने खचलेला असतो. शब्द परदेशातून आला, पण इथे नांदून मराठी झाला. त्यामुळे मराठी उमेदवार ‘नर्व्हस’ म्हणाला म्हणून त्याचं इंग्रजी ‘नर्व्हस’च होईल असं दुभाष्याने धरून चालू नये.

शिवाय इंग्रजीत तरी हा शब्द कुठे स्थिर होता? लॅटिनमधून आला तेव्हा त्याचा अर्थ स्नायूंचा, बळकट असा होता. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात ‘नर्व्हस’चा पहिला अर्थ दणकट, जोमदार असाच आहे. दुबळ्या नसांचा हा अर्थ त्याने शेवटी, वैद्यांची बोली म्हणून नाक मुरडत नोंदवला. आज तोच अर्थ जिंकला आहे. फ्रेंचमध्ये ‘एक्सिते’ हा शब्द सभ्य बैठकीत जपून उच्चारतात, कारण त्यालाही आपल्या ‘उत्तेजित’चाच वास आहे.

गैरसमज: एक भीती, दुसरा आनंद, शरीराला दोन्ही वेगळे कळतात.

वस्तुस्थिती: निदान हृदय, घामाच्या ग्रंथी आणि जठर यांना हा फरक फारसा कळत नाही. दोन्ही वेळी ॲड्रिनलिन वाढतं, नाडी जलद होते, तळहात ओले होतात, तोंडाला कोरड पडते. भरताच्या नाट्यशास्त्राने हे फार पूर्वी टिपलं. स्वेद, रोमांच, वेपथू म्हणजे कंप, स्वरभेद म्हणजे आवाज फुटणं अशा आठ सात्त्विक भावांची यादी तिथे आहे, आणि रोमांच कशाने येतो हे सांगताना भय आणि हर्ष दोन्ही एकाच दमात घेतले आहेत. नटाने केवळ अंगावर काटा आणून भागत नाही, तो कशाचा हे प्रसंगातून दाखवावं लागतं. औत्सुक्य, आवेग, शंका, त्रास, हर्ष हे तेहेतीस व्यभिचारी भावांमध्ये मात्र वेगवेगळे मोजले आहेत. शरीराची खूण एक, मनाची नावं अनेक ही विभागणी मला तरी आजच्या पुष्कळ पुस्तकांपेक्षा स्वच्छ वाटते.

१९६२ मध्ये स्टॅन्ली शॅक्टर आणि जेरोम सिंगर यांनी विद्यार्थ्यांना जीवनसत्त्व म्हणून ॲड्रिनलिनची सुई टोचली. धडधड का होते हे ज्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनी खोलीतल्या दुसऱ्या माणसाचा नूर पाहून आपल्या धडधडीला अर्थ लावला, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत अजरामर झाला, पण नंतर पुन्हा करून पाहणाऱ्यांना निकाल इतका सुबक मिळाला नाही. म्हणून ‘धडधडीला काहीही नाव द्या, ती तशी होईल’ हे टोकही खरं नाही.

मधली वाट हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत दिसते. गाणं, भाषण किंवा गणित यांच्या आधी काहींनी स्वतःला ‘मी शांत आहे’ असं सांगितलं, काहींनी ‘मी एक्सायटेड आहे’ असं. दुसऱ्यांची कामगिरी सरस ठरली. हृदयाचे ठोके मात्र त्यांचेही चढेच राहिले. आपल्याकडे परीक्षेला निघालेल्या मुलाला घरातलं प्रत्येक माणूस ‘शांत राहा, टेन्शन घेऊ नकोस’ म्हणून बजावतं. धडधडत्या छातीला शांत व्हायला सांगणं अवघड. तीच धडधड उत्सुकतेच्या खात्यावर टाकणं त्या मानाने सोपं, एवढंच या प्रयोगांवरून म्हणता येतं.

काही भाषांनी ही दोन खाती वेगळी ठेवलीच नाहीत. जर्मन ‘आउफगेरेग्ट’ म्हणजे सहलीच्या आदल्या रात्री न झोपणारं मूल आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री न झोपणारा रुग्णही. जपानी ‘दोकीदोकी’ हा तर ठोक्याचा नादच. प्रेमात पडल्यावरही चालतो आणि शिक्षकाने नाव पुकारल्यावरही. आपलं धडधड, धाकधूक, हिंदीचं धुकधुकी याच जातीचे नादशब्द. हिंदीत तर छातीवर रुळणाऱ्या गळ्यातल्या दागिन्यालाही धुकधुकी म्हणतात.

गैरसमज: ‘एक्सायटेड’ला मराठीत शब्दच नाही.

वस्तुस्थिती: शब्द शोधणारे विशेषण शोधतात आणि मराठी हा माल विशेषणांच्या दुकानात ठेवतच नाही. आपण एक्सायटेड ‘असत’ नाही. आपल्याला काहीतरी लागतं. उत्सुकता लागते, ओढ लागते, हुरहूर लागते, वेध लागतात. तहान आणि नजर लागावी तशा या भावना बाहेरून येऊन माणसाला लागतात, म्हणून वाक्यात ‘मी’ नसतो, ‘मला’ असतो. हिंदीतही ‘मुझे घबराहट हो रही है’ अशीच रचना आहे. इंग्रजी वाक्य आधी ‘मी’ मांडतं आणि त्याला विशेषण चिकटवतं. तेच मराठीत उतरवलं की ‘मी खूप उत्साहित आहे’ असं बेचव वाक्य जन्माला येतं. उत्साह हा रसशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव आहे. त्याला नव्या मोबाइलच्या खरेदीवर पाठवणं म्हणजे जरा अतीच.

यांत वेध तर खासच. ग्रहणाआधी जो काळ पाळतात तो वेध: परंपरेने सूर्यग्रहणाला चार प्रहर, चंद्रग्रहणाला तीन. खाणंपिणं बंद, सावट जवळ येत असलेलं. हा अशुभाच्या प्रतीक्षेचा शब्द मराठी माणसाने उचलला आणि गणपतीला, सुट्टीला, माहेरच्या गाडीला लावला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियमवर तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली अठ्ठ्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा दिल्लीतल्या मराठी मंडळींना त्याचे वेध लागले होते असं लिहिताना कुणालाही ग्रहण आठवणार नाही. भीतीचा शब्द आनंदाकडे सरकायला शास्त्रज्ञांचा प्रयोग लागला नाही.

लातूरच्या त्या मुलीने करायचं ते असं: एका शब्दावर वाक्य संपवू नये. ‘थोडी धाकधूक आहे, पण या दिवसाची वाटही खूप पाहिली’ असं म्हटलं, तर दुभाष्याच्या हाती दोन्ही टोकं येतात आणि त्याला शब्दाऐवजी अर्थ नेता येतो.

गैरसमज: ज्या भाषेत शब्द नाही, त्या लोकांना ती भावनाही नसते.

वस्तुस्थिती: तसं असतं तर बाळांना भीतीच वाटली नसती. २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात २४७४ भाषांतल्या भावनावाचक शब्दांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोणत्या भावना एकाच शब्दात नांदतात, हे भाषाकुलानुसार बरंच बदलतं असं त्यात दिसलं. तरी सगळीकडे दोन कसोट्या टिकून होत्या: सुखद की दुःखद, आणि शरीर किती पेटलेलं आहे.

गैरसमज: आपली माणसं मनाचं दुखणं छाती-पोटावर घालतात, कारण त्यांच्याकडे मनाचे शब्द नाहीत.

वस्तुस्थिती: पोटात गोळा आपल्याकडे येतो, इंग्रजांच्या पोटात फुलपाखरं उडतात. हातपाय आपले गळतात, त्यांचे पाय गार पडतात. त्यांचा ‘अँग्झायटी’ हा भारदस्त शब्दसुद्धा लॅटिनमधल्या गळा आवळण्याच्या क्रियापदातून आला आहे आणि संस्कृत ‘अंहस्’, म्हणजे कोंडी, संकट, त्याच कुळातला. आपल्या ‘उत्कंठे’तही कंठ आहेच. सगळ्यांनीच शरीरापासून सुरुवात केली. इंग्रजीचा गळा झिजून दिसेनासा झाला, एवढाच फरक.

शब्दांच्या या घोळाचा त्रास खरा होतो तो दवाखान्यात. चिंतेचं प्रमाण मोजायला जगभर वापरली जाणारी सात प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, जीएडी-७. रॉबर्ट स्पिट्झर आणि सहकाऱ्यांनी ती २००६ मध्ये प्रसिद्ध केली. गुण शून्य ते एकवीस. तिच्या पहिल्याच प्रश्नात इंग्रजीचे तीन जवळजवळचे शब्द एका ओळीत कोंबले आहेत: नर्व्हस, अँक्शस आणि ‘काठावर असल्यासारखं’. हिंदीत तिन्हींच्या जागी ‘घबराहट’ बसू शकते. उन्हाने जीव घाबरा झालेली बाईही मग प्रामाणिकपणे ‘रोज’वर खूण करेल. उलट मराठीत ‘घबराट’ छापली, तर महिनाभर झोप उडालेला माणूसही ‘नाही’ म्हणेल, कारण त्याच्या गल्लीत कुठलीच घबराट पसरलेली नसते.

अशा चुका धरायला उलट अनुवादाची रीत आहे. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये ती पद्धतशीर मांडली: एकाने भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही ताडून पाहायची. रीत चांगली आहे, पण हुशार अनुवादक ‘घबराट’ पाहूनही मूळ शब्द काय असेल हे ताडतो आणि कागदावर सगळं जुळून येतं. म्हणून प्रश्नावली पक्की करण्याआधी ती वापरणाऱ्या माणसांपुढे ठेवून, या ओळीतून तुम्हाला काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा, असं विचारण्याची पायरी असते. वेळ आणि पैसा कमी पडला की सर्वात आधी गळायला नको ती हीच पायरी.