‘शांत वस्ती’ : एका पदबंधाचा अर्थविचार

नगरात घर शोधणाऱ्या मनुष्याच्या कानी जे शब्द वारंवार पडतात, त्यांत ‘शांत वस्ती’ हा पदबंध अग्रभागी आहे. घरविक्रीच्या जाहिरातींत तो असतो, मध्यस्थाच्या तोंडी असतो आणि स्नेह्यासोबत्यांच्या शिफारशीतही असतो. एवढ्या एका पदबंधाच्या भरवशावर आयुष्यभराची पुंजी गुंतविली जाते. म्हणूनच या दोन शब्दांनी नेमके काय सांगितले जाते आणि काय अनुक्त राहते, याचा विचार केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय नाही. प्रस्तुत विवेचन मुख्यतः पुणे शहराच्या अनुषंगाने केले आहे.

प्रथम ‘वस्ती’ हा शब्द घेऊ. संस्कृत ‘वस्’ या धातूपासून सिद्ध झालेल्या ‘वसति’ या शब्दाचे हे मराठी रूप होय. मराठीत त्याला निदान तीन अर्थच्छटा आहेत. ‘पुढे वस्ती नाही’ या वाक्यात मनुष्यांचे अस्तित्व अभिप्रेत आहे. ‘वाडीवस्ती’ या जोडशब्दात घरांचा लहान पुंजका. आणि ‘वस्तीची एस.टी.’ अथवा ‘वस्तीला आलेला पाहुणा’ या प्रयोगांत केवळ एका रात्रीचा मुक्काम. याशिवाय आजच्या शहरी बोलीत ‘वस्तीतली मुले’ असे म्हटले की ऐकणाऱ्यासमोर बहुधा झोपडवस्तीच उभी राहते. ‘शांत’ हे विशेषण जोडताच मात्र हाच शब्द मध्यमवर्गीय प्रतिष्ठेचा होतो. विशेषण येथे विशेष्याचा सामाजिक वर्गच पालटून टाकते.

‘शांत’ हे ‘शम्’ धातूचे भूतकालवाचक धातुसाधित आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहता शांत म्हणजे शमलेले, अर्थात पूर्वी काही क्षोभ होता आणि तो ओसरला असे. ही जाणीव रूढ अर्थात उरलेली नाही. तथापि शांततेचे वर्णन करताना मराठी भाषक आजही नकाराचाच आश्रय घेतो. ‘इथे गोंगाट नाही’, ‘वर्दळ नाही’, ‘कसला त्रास नाही’ ही शांत वस्तीची नित्याची वर्णने होत. किंबहुना शांतता हा गुण नसून एक अभाव आहे, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

अभावाची मीमांसा नैयायिकांइतकी काटेकोरपणे फार थोड्यांनी केली असेल. त्यांच्या मते अभाव हा नेहमी कशाचा तरी अभाव असतो. ज्याचा अभाव, तो त्याचा ‘प्रतियोगी’. भूतलावर घट नाही असे म्हटले की घट हा प्रतियोगी होय. प्रतियोगी सांगितल्यावाचून अभावाचे विधान अपुरे राहते. ‘ही वस्ती शांत आहे’ या विधानाचे नेमके हेच वैगुण्य आहे. कोणता ध्वनी नाही? वाहनांचा, मंडपातील कर्ण्यांचा, की मुलांच्या खेळण्याचा आणि शेजारणीच्या हाकेचा? सांगणाऱ्याच्या मनात एक प्रतियोगी असतो, ऐकणारा दुसराच गृहीत धरतो आणि दोघांनाही आपले एकमत झाले असे वाटते.

एक काल्पनिक उदाहरण घेतल्यास हा मुद्दा स्पष्ट होईल. सदाशिव पेठेतील जुन्या वाड्यात राहणारे एक कुटुंब आहे : नोकरी करणारे पतिपत्नी, शाळेत जाणारी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आजी. वाडा पाडून नवी इमारत व्हावयाची असल्याने त्यांनी शहराच्या कडेला असलेल्या एका शांत वसाहतीत सदनिका पाहिली आहे. दिवसभर रहदारीत घालविणाऱ्या मुलाला वाहनांचा अभाव हवा आहे. नातीला अभ्यासाच्या वेळी कर्ण्यांचा. आजी मात्र सकाळी नऊपासून सायंकाळी सातपर्यंत घरात एकटी असणार. वाड्याच्या चौकातील बोलणी, भाजीवालीची आरोळी, जिन्यावरची पावले हे तिच्या लेखी ध्वनिप्रदूषण नव्हे; तिचे जग चालू असल्याची ती खूण होय. नव्या जागी प्रतियोगी तोच राहील, पण मुलगा ज्याला ‘निवांत’ म्हणेल त्यालाच आजी ‘सामसूम’ म्हणेल.

या पर्यायी शब्दांकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. शब्दाचे मूल्य त्याच्या व्यवस्थेतील इतर शब्दांशी असलेल्या भेदातून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धान्त येथे उत्तम प्रकारे प्रत्ययास येतो. ‘निवांत’ या शब्दात सुख आहे. ‘सामसूम’ या शब्दात किंचित संशय. ‘शुकशुकाट’ या शब्दात, जे असावयास हवे होते ते नसल्याची बोच. ‘शुकशुकाट’ याची घडण विशेष उद्बोधक आहे. ‘गडगडाट’, ‘किलबिलाट’, ‘कडकडाट’ या ध्वनिवाचक शब्दांतील द्विरुक्ती आणि ‘-आट’ हा प्रत्यय येथे ध्वनीच्या अभावाला लागला आहे. जणू ही शांतताही कानांवर आदळते, असे भाषेने नोंदवून ठेवले आहे.

नैयायिकांचा दुसरा भेद निर्णयाच्या दृष्टीने अधिकच उपयोगी आहे. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वी तिचा जो अभाव असतो तो ‘प्रागभाव’. त्याला आरंभ नसतो, अंत मात्र असतो. वस्तूच्या नाशानंतरचा तो ‘प्रध्वंसाभाव’. त्याला आरंभ असतो, अंत नसतो. कडेच्या नव्या वसाहतीची शांतता पुष्कळदा प्रागभावरूप असते. समोरचे मैदान मोकळे आहे, कारण त्यावरील इमारत अद्याप झालेली नाही. रस्ता निर्वेध आहे, कारण तो पुढे जोडला गेलेला नाही. अशा शांततेचा अंत तिच्या स्वरूपातच लिहिलेला असतो. सुदैवाने तो बहुधा नकाशावरही रेखाटलेला असतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये तयार होणाऱ्या विकास आराखड्यात नियोजित रस्ते आणि निरनिराळ्या प्रयोजनांसाठी ठेवलेली आरक्षणे दाखविलेली असतात. मध्यस्थाच्या विशेषणापेक्षा हा नकाशा अधिक बोलतो.

प्रध्वंसाभावाचे ठळक उदाहरण मुंबईच्या गिरणगावात सापडते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. ती शांतता कोणाही कामगाराने मागितली नव्हती. थांबलेला भोंगा परत वाजला नाही हे खरे. परंतु त्याने रिकामी केलेली जागाही निःशब्द राहिली नाही, तेथे उत्तुंग इमारती व कार्यालये आली आणि त्यांची रहदारी आली. तात्पर्य, एका ध्वनीचा नाश म्हणजे शांततेची शाश्वती नव्हे.

कायद्याची भाषा या बाबतीत वेगळ्या मार्गाने जाते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनी प्रतियोगी न सांगता प्रमाण सांगितले आहे. निवासी क्षेत्रासाठी सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रासाठी ती अनुक्रमे ५० व ४० आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या भोवतालचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो; मात्र २०१७ च्या दुरुस्तीनुसार त्यासाठी राज्य शासनाची घोषणा आवश्यक आहे. यातून एक विसंगती उद्भवते. शाळेलगतचे घर कायद्याने शांतता क्षेत्रात येऊ शकते. मधल्या सुट्टीत मात्र तेथील रहिवाशाच्या कानांचा अनुभव निराळा असतो. ‘शांतता क्षेत्र’ आणि ‘शांत वस्ती’ या दोन संज्ञांत शब्दसाम्य आहे, अर्थसाम्य नाही.

शिवाय शांतता ही केवळ कानांना कळणारी गोष्ट असल्याने ती इतर इंद्रियांचे प्रश्न झाकून टाकते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. त्यानंतर गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि शहराची वस्ती पेठांबाहेर पसरू लागली. पुढे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा सहकारनगर-अरण्येश्वर परिसराला त्याचा तडाखा बसला. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले. ओढ्याकाठची वा नदीकाठची जागा वर्षाचे बहुतेक दिवस शांतच असते. पूररेषेची चौकशी म्हणूनच कानांवर सोपविता येत नाही.

मग निर्णय करावा कसा? भाषाशास्त्राच्या क्षेत्रकार्यात माहितगाराला सूचक प्रश्न विचारू नये असा दंडक आहे; ‘तुमच्याकडे असे म्हणतात ना?’ असे विचारले की होकार मिळतो, पुरावा मिळत नाही. ‘इथे शांत आहे ना?’ हा प्रश्न याच जातीचा. त्याऐवजी प्रतियोगी उघड करणारे प्रश्न विचारावेत. रात्री दहानंतर रस्त्यावर कोण असते? शेवटची बस केव्हा जाते? औषधांचे दुकान पायी किती अंतरावर आहे? उन्हाळ्यात पाण्याचे टँकर किती येतात? दुपारी दोन वाजता हाक मारली तर ओ कोण देईल? हे प्रश्न विक्रेत्याला न विचारता तेथे दहा वर्षे राहिलेल्या वृद्धेला, पहाऱ्यावरील मनुष्याला आणि शाळकरी मुलाला विचारावेत. उत्तरातील होकारनकारापेक्षा त्यांनी वापरलेला शब्द टिपून घ्यावा : तो ‘निवांत’ आहे की ‘शुकशुकाट’.

वरील उदाहरणातील कुटुंबाची परीक्षाही येथेच आहे. त्यांना नको असलेला ध्वनी त्या वसाहतीत नाही, एवढे त्यांनी एका रविवारच्या सकाळी पाहून घेतले. हवा असलेला ध्वनी तेथे आहे काय, हे त्यांनी अद्याप पाहिलेले नाही, आणि ते आजीवाचून त्यांना कळणारही नाही. खरेदीपूर्वी अकरा महिन्यांच्या कराराने त्याच वसाहतीत भाड्याने राहणे, आणि त्या अवधीत पावसाळा व गणेशोत्सव दोन्ही येतील असा बेत करणे, हा खर्चाचा पण कमी धोक्याचा मार्ग होय. भाषेनेही तोच क्रम सुचविला आहे : ‘वस्ती’ म्हणजे मुक्काम आणि ‘वस्ती’ म्हणजे ठाव. पहिल्या अर्थाची वस्ती करून पाहिल्यावाचून दुसऱ्या अर्थाची करू नये, हेच श्रेयस्कर.